उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत

प्रश्न विचारून झाला आणि नेलिदा क्वेतो उत्तराची वाट बघत उभी राहिली. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी कागदावरून सगळं नीट वाचलं होतं, राजाशी निष्ठा, राज्यघटनेचं पालन, कायद्यांचं पालन, आणि शेवटी चष्म्यावरून वर बघत विचारलं होतं, ‘शपथ घेता की वचन देता?’ स्पेनच्या वकिलातीतली ती खोली लहान, सात माणसांनीच भरून गेलेली. कोपऱ्यात लाल-पिवळा झेंडा, भिंतीवर राजाची तसबीर, खिडकीत कुंडीतलं एक रोप, पाणी न मिळालेलं. आधीच्या तिघांनी फटाफट उत्तरं देऊन टाकली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर प्रश्न संपायच्या आतच. चौथी नेलिदा. ती मान जराशी तिरकी करून, भुवया उंचावून, चेहऱ्यावर ‘चला, सगळे एका सुरात’ असा भाव आणून उभी होती, आणि खोलीत कुणीच काही बोलत नव्हतं. दोन सेकंद गेले असतील, तीन गेले असतील. ‘मॅडम,’ अधिकारी बाई म्हणाल्या, ‘उत्तर तुम्ही द्यायचंय.’ मग नेलिदाच्या तोंडून ते आलं, ‘हो, देते वचन’, पण आलं ते चौथीच्या वर्गाच्या चालीवर, शेवटचं अक्षर लांबवत, आणि तो म्हातारा खुदकन हसला. तिनं सही केली. बाईंनी हात पुढे करून अभिनंदन केलं. सगळं मिळून चार मिनिटांचं काम होतं.

बसच्या थांब्यावर आली तेव्हा तिला स्वतःलाही हसू येत होतं. चूक झाली ती तिच्याच धंद्यातल्या माणसाकडून व्हावी अशी होती. रोसारिओ शहराच्या दक्षिण टोकाला, सालादियो वस्तीतल्या शाळेत ती सव्वीस वर्षं चौथीला शिकवत होती, आणि दर जूनमध्ये, झेंड्याच्या दिवसाच्या आदल्या सकाळी, चौथीची पोरं अंगणात उभी राहून झेंड्याला वचन देत. साऱ्या अर्जेंटिनात देतात. नऊ-दहा वर्षांची पोरं, पांढरे डगले कडक इस्त्रीचे, केस पाणी लावून चापून बसवलेले, आणि भिंतीलगत आया-आज्या डोळे पुसत. दुसरीकडे वचनाचा कागद मुख्याध्यापिका वाचते, पण या शाळेत फार पूर्वीपासून तो वर्गाच्या बाईंनी वाचायची रीत. ‘या झेंड्याचा मान राखाल, त्याच्यावर माया कराल, असं वचन देता का?’ मग थोडं थांबायचं. घाई करायची नाही, मागच्या रांगेतल्यांना श्वास घेऊ द्यायचा. सहाशेच्या वर तोंडांतून तिनं ते उत्तर काढून घेतलं होतं. विचारणं तिचं, उत्तर पोरांचं, आणि ते थांबणं तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की राजाच्या तसबिरीसमोरही ती थांबली. हे एस्तेलाला सांगितलं की ती मेजावर डोकं ठेवून हसेल, अशी मनातल्या मनात गोष्ट जुळवत ती बसमध्ये चढली, खिडकीजवळ बसली, आणि दोन चौक गेले न गेले तोच तिचं हसू जागच्या जागी थिजलं. उत्तराच्या बाजूनं हे शब्द ती आज पहिल्यांदाच बोलली होती. सव्वीस वर्षं विचारलं होतं, पण दिलं कधीच नव्हतं. तिनं घाईघाईनं आपलं चौथीचं वर्ष आठवून बघितलं, नक्की दिलं असेल, सगळेच देतात. पण त्या जागी अंगण नव्हतं, झेंडा नव्हता. त्या जागी एक पलंग होता, आणि ताप होता.

सत्याहत्तर साल. देशावर लष्कराचं राज्य होतं हे तेव्हा तिला कळत नव्हतं. मोठी माणसं जेवताना हळू बोलतात एवढं कळत होतं. त्या वर्षी साऱ्या शाळांच्या चौथ्या नदीकाठच्या मोठ्या स्मारकापाशी नेणार होते, लष्करी बँड येणार होता, आणि तिला नवे काळे बूट आणले होते. सकाळी सातला आजोबा तिच्या खोलीत आले. आजोबा, बेलार्मिनो क्वेतो, बेकरीवाले. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचे. तिकडच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढले, हरले, आणि एकोणचाळीस साली बोटीत बसून इकडे आले. इथल्या बेकऱ्यांत गोड पावांना मोठी खवचट नावं आहेत, तोफा, बॉम्ब, शिपाई. जुन्या बंडखोर बेकरी-कामगारांनी ठेवलेली म्हणतात. आजोबा रोज पहाटे तोफांमध्ये आटवलेलं गोड दूध भरत, शिपायांना पाक लावत, आणि एखादा घाणा करपला की समाधानानं सांगत, ‘आज शिपाई जरा जास्तच भाजले.’ सकाळी सातला ते कधी म्हणजे कधी घरी नसत. त्या दिवशी आले, डगल्याला पीठ तसंच, आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांनी तिच्या कपाळावर तळहात ठेवला. ‘पोरीला ताप आहे.’ आई म्हणाली, ‘मला तर नाही लागत.’ ‘ताप आहे,’ ते परत म्हणाले, आणि आईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं नि इस्त्री केलेला डगला परत कपाटात टांगला. दिवसभर नेलिदा पांघरुणात पडून होती. कोमट दूध मिळालं, दोन तोफा मिळाल्या, आणि तिला खरोखरच गरम वाटत होतं. भट्टीवरून आलेला तो हात होता. त्याची ऊब तिनं आपली धरली. किती साधी गोष्ट, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला ती आज कळत होती, बसमध्ये, वकिलातीचा कागद मांडीवर घेऊन. ताप नव्हताच.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी उरकू हं तुझं. पुढच्या वर्षी ती पाचवीत होती आणि बाईंची बदली झाली होती. नंतर कुणी विचारलं नाही. अध्यापक विद्यालयात विचारलं नाही, नोकरी लागताना विचारलं नाही. कोण विचारणार, ज्यानं त्यानं गृहीतच धरलेलं. मुंज न झालेल्या भटजीनं जन्मभर लोकांच्या पोरांच्या मुंजी लावाव्यात, तशी गत. आणि आजवर तिला त्याचं काहीही वाटलं नव्हतं, हे खरं. रुखरुख लागली ती आता, कारण आता एका देशाला शब्द दिला गेला होता. सहीनिशी, साक्षीनिशी, आणि तो देश हा नव्हता.

बरं, तो राजाला दिला होता. आजोबांच्या तोंडी राजा हा शब्द शिवीसारखा यायचा. मेलेली माशी पिठात निघाली की ते म्हणायचे, राजाच्या न्याहारीला पाठवा. ज्यांना त्या देशानं हाकलून दिलं त्यांच्या नातवंडांना आता तो देश नागरिकत्वाचा कागद देत होता, आणि आजोबांच्या जुन्या बोटीच्या तिकिटावर, त्यांच्या परदेशी माणसाच्या ओळखपत्रावर, त्यांच्या सगळ्या हरण्यावर उभी राहून त्यांची नात राजाला निष्ठा देऊन आली होती. त्यांनी स्वतः इकडचाही कागद कधी घेतला नाही. दर काही वर्षांनी टोपी हातात धरून परदेशी लोकांच्या रांगेत उभे राहत, नवं ओळखपत्र घेऊन येत. ‘कागद बदलला म्हणजे परत जायचं नाही असं मीच कबूल केल्यासारखं होईल,’ म्हणत. परत गेले मात्र नाहीत. आणि शहाऐंशी साली अर्जेंटिनानं फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा हाच माणूस बेकरीला कुलूप घालून, पिठानं माखलेला, भर रस्त्यात नाचला होता. शेजाऱ्यानं हातात निळा-पांढरा झेंडा दिला तर तो घेऊन नाचला होता. आणि घरी आल्यावर घाम पुसत म्हणाला होता, ‘माझं काय, मी परदेशी माणूस.’ दोन वर्षांनी ते गेले. एवढं सगळं बोलणारा माणूस, पण त्या तापाबद्दल ना ते कधी बोलले, ना तिनं विचारलं.

तिनं कागद काढला तो पाउलासाठी, म्हणजे खरं तर स्वतःसाठी. मुलगी तिकडे हिहोनला, आजोबांच्याच किनाऱ्यावर, नवरा तिकडचा, आणि तीन वर्षांची नात, ओलाया, जी फोनवर शब्द असे चावून बोलते की नेलिदाला वाटतं, हे आजोबांचं बोलणं या एवढ्याशा तोंडात कुठून आलं. नेलिदाचा स्वतःचा नवरा वारल्यापासून ती एकटी. डिसेंबरात नोकरी संपणार. कागद नसता तर नव्वद दिवस राहा आणि परत या. कागदावर राहता येतं. यात बेइमानी कसली? कुणी विचारलं असतं तर तिनं ठणकावून सांगितलं असतं, आजी नातीजवळ राहायला चाललीय. पण विचारत कुणीच नव्हतं, आणि गुरुवारी सकाळी अठ्ठावीस पोरांसमोर तो कागद हातात धरून उभं राहायचं होतं. न दिलेलं वचन दुसऱ्यांकडून मागायचं होतं. आज सोमवार.

‘काय महाराणी, झालं का राज्यारोहण?’ एस्तेला विन्योलोनं शिक्षकांच्या खोलीत शिरल्या शिरल्या विचारलं. एस्तेला शाळेची मुख्याध्यापिका, पण त्याआधी पंधरा वर्षं शेजारच्या वर्गावरची, त्यामुळे दोघींत वरखाली असं काही उरलं नव्हतं. ‘राज्यारोहण कसलं, प्रजा झाले मी,’ नेलिदा म्हणाली. ‘म्हणजे आम्ही तुला मुजरा करायचा की तू आम्हाला?’ नेलिदानं थांबण्याची गोष्ट सांगितली. एस्तेला इतकी हसली की माते या तिथल्या कडू चहाचा घोट तिच्या नाकात गेला, आणि खोकता खोकता ती म्हणाली, ‘त्या बाईनं तुला छडी नाही मारली हेच नशीब.’ मग तिनं त्या चहाचं भांडं परत भरून पुढे केलं. नेलिदानं ते नुसतं हातात धरलं. ‘एस्तेला, तू चौथीत वचन दिलं होतंस?’

‘दिलं असणार की. थंडी वाजत होती आणि मला जोराची लघवी लागली होती, एवढंच आठवतंय.’

‘मी नाही दिलं.’

‘बरं मग?’

‘आजोबांनी घरी ठेवलं. ताप आहे म्हणाले.’

‘मग आता पावती कोण मागतंय तुझ्याकडे?’ एस्तेला म्हणाली, आणि नेलिदानं अजून घोट घेतलेला नाही हे बघून जरा नरमली. ‘अगं, नदीचं पाणी वस्तीत शिरलं त्या वर्षी तू आठ दिवस या शाळेत झोपलीस, लोकांची पोरं सांभाळलीस. तुझ्या पोरीला माझ्या घरी ठेवलंस. त्याला काय म्हणतात?’

‘तेव्हा मला झेंडा आठवतसुद्धा नव्हता.’

‘तेच म्हणतेय मी,’ एस्तेला म्हणाली. ‘गुरुवारी जसं दरवर्षी विचारतेस तसं विचार, आणि मोकळी हो. नाहीतर मी वाचते. पण माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा, पोरं हसतील.’

हे सगळं खरं होतं, आणि त्यानं नेलिदाचं काही हललं नाही. केलेलं वेगळं आणि बोललेलं वेगळं, असं तिला वाटत राहिलं. केलेल्याला कुणी साक्षी लागत नाही म्हणून ते मोठं, असं लोक सांगतात, आणि ती मानतही आली होती. पण मग ती सहाशे पोरांकडून ते बोलून का घेत होती? बोलण्याला काहीच किंमत नसेल, तर तिनं सव्वीस वर्षं नुसता पोरखेळ केला. आणि किंमत असेल, तर परवा कुठल्या तोंडानं विचारायचं? या दोन टोकांमध्ये तिचं मन मंगळवारभर हेलपाटे घालत होतं. फळ्यावर भागाकार लिहिताना घालत होतं, पोरांचे डबे उघडून देताना घालत होतं, आणि शाळा सुटताना फाटकापाशी आरासेलीची आई ब्लांका तिची वाट बघत उभी असलेली दिसली तेव्हाही.

ब्लांका दुआर्ते कपडे धुण्याच्या दुकानात कामाला होती. तिच्या हातांना नेहमी साबणाचा वास. ती इथलीच, रोसारिओत जन्मलेली, पण आई-बाप पराग्वायचे, नवराही तिकडचा, नदीपलीकडच्या एन्कार्नासिओनचा, आणि पोर झाली ती तिकडेच. आरासेलीचे दोन्हीकडचे कागद होते. या मार्चपासून मायलेकी इकडे, बाप तिकडे. ‘बाई, तुम्हीच सांगा हिला,’ ब्लांका म्हणाली. ‘हिचा बाप काल फोनवर म्हणाला, तिकडच्या झेंड्याला शब्द दिलास तर तू माझी पोर राहिली नाहीस. थट्टेत म्हणाला, मला माहितेय त्याची थट्टा. पण ही जेवली नाही. बाहेरच्या पोरांनी नाही दिलं तरी चालतं ना? नियम आहे ना तसा?’

‘आहे,’ नेलिदा म्हणाली. ‘नुसतं उभं राहिलं तरी चालतं.’

‘पण मला द्यायचंय,’ आरासेली म्हणाली. आईच्या पिशवीचा बंद तिनं दोन्ही हातांनी धरला होता. ‘मी सगळ्यांबरोबर पाठ केलंय. पण बाई, दोघांना वचन दिलं तर त्यातलं खोटं कुठलं?’

नेलिदानं तिच्या डगल्याचं सुटलेलं बटण लावलं. सव्वीस वर्षांत पोरांनी काय काय विचारलं होतं, मेलेला कुत्रा कुठे जातो, देव जेवतो का, आणि तिनं दर वेळी काहीतरी धड सांगितलं होतं.

‘आमच्या तिकडच्या झेंड्याला दोन्ही बाजूंना वेगवेगळी चित्रं असतात,’ आरासेली सांगत होती. ‘पुढे वेगळं, मागे वेगळं. मी बाबांना म्हटलं, तर ते म्हणाले जास्त शहाणपणा करू नकोस.’ मग आवाज खाली आणून तिनं खरं विचारायचं ते विचारलं. ‘मी पाठीमागे बोटावर बोट चढवून बोलू का? तसं बोललेलं धरत नाहीत ना. म्हणजे इथं पण होईल आणि बाबांचं पण राहील.’

‘गुरुवारपर्यंत सांगते,’ नेलिदा म्हणाली. पोराला असं उत्तर तिनं आजवर कधी दिलं नव्हतं. ब्लांकानं तिच्याकडे चमकून बघितलं.

घरी चालत जाताना तिला सेनोबिया आठवली. आठ वर्षं झाली त्याला. बोलिव्हियाहून आलेली पोर, शांत, अक्षर मोत्यासारखं. वचनाच्या दिवशी नेलिदानं तिला सांगितलं होतं, ‘तू नुसती उभी राहा हं बाळा, तुझं वेगळं आहे,’ आणि तिला रिकाम्या हातांनी उभं राहायला नको म्हणून बाकीच्यांचे कोट सांभाळायला दिले होते. चांगल्या मनानं दिले होते. तेवीस कोट. पोरीचं नुसतं कपाळ वर दिसत होतं. तेव्हा नेलिदाला वाटलं होतं आपण किती समंजस, आणि आता फूटपाथवर उभं राहून तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की बाजूनं जाणाऱ्या बाईनं विचारलं, बरं आहे ना. तिला तरी कुणी विचारलं होतं, तुला द्यायचंय का म्हणून? नेलिदालाही नव्हतं विचारलं. कपाळावर हात ठेवून सांगितलं होतं, पोरीला ताप आहे. आणि त्या क्षणी तिला आजोबांचा राग आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मेलेल्या माणसाचा, ज्यानं तिला पाव वळायला शिकवलं, सायकल शिकवली, त्याचा. कळत होतं तिला. त्या वर्षी मागणारे कोण होते, त्यांच्या हातांना काय लागलेलं होतं, ते पुढे सगळ्या देशानं पाहिलं. आपली नात त्यांच्यासमोर उभी राहून शब्द देते आहे हे आजोबांना बघवलं नसतं. एका देशात शिपायांनी त्यांचं सगळं घेतलं होतं, दुसऱ्या देशात नात तरी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं असणार. पण शिपाई गेले की. सहा वर्षांत गेले. झेंडा राहिला, अंगण राहिलं, पोरं राहिली; आणि आजोबा आणखी पाच वर्षं जिवंत होते. एखाद्या संध्याकाळी म्हणायचं होतं, नेली, तुला ताप नव्हता गं, आता जा नि दे हवं तर. नाही म्हणाले. तिला परक्यासारखं ठेवून गेले, स्वतः होते तसं.

बुधवारी दुपारी पाउलाचा फोन आला; तिकडे संध्याकाळ, मागे भांड्यांचा आवाज. ‘झालं ना आई? बघ, दोन मिनिटांचं काम. मी तर माझ्या वेळी पाठीमागे बोटावर बोट चढवलं होतं.’

‘तू माझ्या वर्गातसुद्धा चढवलं होतंस. मी दोनदा पकडलं होतं तुला, तालमीत.’

‘आणि खऱ्या वेळी तिसऱ्यांदा,’ पाउला हसली. ‘ते तू बघितलं नाहीस.’

नेलिदाही हसली, पण लगेच म्हणाली, ‘का गं? का चढवलंस?’

‘नऊ वर्षांची होते आई. काय माहीत. वाटलं, पुढे कधी लांब जावं लागलं तर.’ तिकडे भांड्यांचा आवाज थांबला. ‘आई, तू येणार आहेस ना? मागे फिरत नाहीयेस ना?’

‘येणार. सही केलीय.’

‘मी सहीचं नाही विचारत.’

‘येणार गं,’ नेलिदा म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की याबद्दल तिच्या मनात तसूभरही शंका नाही. जायचं तिला होतंच. ओलायाला तोफा करून घालायच्या होत्या, नाव सांगून. अडलं होतं ते जाण्यापाशी नाही. ज्या घरात जन्म काढला त्या घरच्यांना एकदाही तोंडानं ‘तुमची’ म्हटलं नाही, आणि निघायच्या तोंडावर परक्याच्या दारात ते म्हणून आलो, एवढंच होतं. ती काही त्या राजाला फसवून आली नव्हती. कायदे पाळीन म्हणाली होती, पाळणार होती. खोटं कुठलंच नव्हतं. एक द्यायचं राहून गेलं होतं.

गुरुवारी सकाळी अंगणात एवढी थंडी होती की पोरांच्या तोंडांतून वाफा निघत होत्या. नदीकडून वारा येत होता. झेंडा वर चढला, राष्ट्रगीत झालं, तिसऱ्या कडव्याला ध्वनिवर्धक नेहमीप्रमाणे कुरकुरला. भिंतीलगत आई-बाप, आज्या, कडेवरची बाळं. मेजावर नंतर प्यायच्या गरम चॉकलेटचं मोठं पातेलं आणि बेकरीतून आलेले खोके. ब्लांका कामाच्या कपड्यांतच आली होती. अठ्ठावीस पोरं चार रांगांत. नेलिदाच्या हातात तो कागद होता, प्लास्टिकमध्ये घातलेला, कोपरे झिजलेले, सव्वीस वर्षं तोच. आरासेली शेवटच्या रांगेच्या टोकाला उभी होती आणि तिच्याकडे एकटक बघत होती. गुरुवार आला होता.

नेलिदा पुढे न जाता एस्तेलापाशी गेली आणि कागद तिच्या हातात दिला. ‘तू वाच.’

‘आत्ता? अगं, माझा चष्मा आत राहिलाय.’

‘अक्षरं मोठी आहेत.’

एस्तेलानं तिच्या तोंडाकडे बघितलं. गेली पुढे, घसा खाकरत. नेलिदा रांगांच्या कडेनं चालत मागे आली आणि आरासेलीच्या शेजारी, रांगेच्या टोकाला, उभी राहिली. पोरं वळून वळून बघायला लागली. ‘समोर बघा,’ ती म्हणाली. मग तिनं आरासेलीला हळूच सांगितलं, ‘खोटं कुठलंच नाही. मला तरी असं वाटतं. पण द्यायचं असेल तर बोटं सरळ ठेवून द्यायचं, आणि नको असेल तर गप्प राहायचं, मी इथेच आहे.’ पोरीनं फक्त डावा हात तिच्या हातात दिला, आणि नेलिदाला त्या एवढ्याशा तळहाताच्या आत एक बोट दुसऱ्यावर चढू बघताना जाणवलं.

एस्तेलाचा आवाज खरोखरच फाटका पत्रा होता. एक ओळ तिनं गाळली, मग परत मागे येऊन वाचली. कुणीही हसलं नाही. ‘…या झेंड्याचा मान राखाल, त्याच्यावर माया कराल, असं वचन देता का?’ आणि मग ते थांबणं आलं. नेलिदाला ते आजवर एकाच बाजूनं माहीत होतं. या बाजूनं ते फार मोठं होतं. त्यात वारा होता, दोरीची खांबावर टकटक होती, समोरच्या पोराची लाल झालेली मान होती. मग सगळं अंगण एकदम ओरडलं, ‘हो, देतो वचन!’, आणि त्यात शेजारून, सगळ्यांच्या जोडीनं, जरा घोगऱ्या आवाजात आरासेली ओरडली. तिची बोटं नेलिदाच्या हातात सरळ होती. नेलिदाचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून काही आलं नव्हतं. सवय. ती उत्तर ऐकत उभी राहिली होती.

एस्तेला कागद खाली करू लागली. टाळ्यांसाठी हात वर आले होते, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत, एकटीच्या, मोठ्या बाईच्या आवाजात, चालीवर नाही, साध्या बोलण्यात नेलिदा म्हणाली, ‘हो. देते वचन.’

भिंतीलगत हशा उठला, चांगला, प्रेमळ हशा. बाई गडबडल्या, बाईंचं शेवटचं वर्ष, असं कुणीतरी कुणाला सांगितलं. मग टाळ्या झाल्या, पोरं रांग मोडून खोक्यांकडे पळाली, आणि एस्तेला अंगणाच्या मधोमध कागद छातीशी धरून उभी राहिली, चॉकलेटकडे न जाता.

आरासेली गेली नव्हती. मान वर करून ती नेलिदाकडे बघत होती. ‘तुम्हाला उशीर झाला, बाई.’

‘झाला खरा.’

पोरीनं तिचा हात सोडला नाही. उलट दुसऱ्या हातानं चाचपून बघितला, मोठी माणसं बघतात तसा. ‘केवढा गरम लागतोय तुमचा हात. ताप आहे का तुम्हाला?’

‘नाही गं,’ नेलिदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवलं नाही. ‘ताप नव्हता मला.’